सामाईक खर्चाचा धनी कोण?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या कोणालाही सुताचा आजचा भाव विचारा, तो पैशापर्यंत सांगेल. विणाईची मजुरी, रंगाचा दर, गाठीमागे पडणारे भाडे, सारे तोंडपाठ असते. पण त्याच कारखानदाराला विचारा की तुमचा बॉयलर महिन्याला किती खातो आणि त्यातले किती रंगाईखात्याच्या वाट्याचे आहे, तर उत्तर मिळते, "तो आपला सगळ्यांचाच खर्च आहे." सगळ्यांचा म्हटला की तो विचारण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. आमच्या मते मोठ्या होत चाललेल्या कारखान्यांना जी कीड आतून लागते तिचे मूळ बरेचदा या एका वाक्यात असते.

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत दोन-चार मागांवर सुरुवात करून आज रंगाई, विणाई, शिलाई आणि पॅकिंग अशी तीन-चार खाती एका छपराखाली चालवणारे अनेक आहेत. गणवेश शिवणाऱ्यांमध्येही कटिंग, शिलाई, इस्त्री आणि माल रवाना करणे अशी खाती निराळी झाली आहेत. खाती वाढली, पण वही एकच राहिली. बॉयलर, जनरेटर, पाणी, मेकॅनिक, टेम्पो, हिशेबनीस, संगणक, पहारेकरी, हे सारे सर्व खात्यांची चाकरी करतात. त्यांच्या खर्चाला आम्ही येथे सामाईक खर्च म्हणतो. हा खर्च कोणी किती वापरला याची नोंद ठेवावी काय, आणि ठेवली तर ती कोणाला दाखवावी, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

जुन्या गिरण्यांचा धडा

हा प्रश्न नवा नाही. आपल्याच गावाने त्याचे मोठे रूप पाहिले आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, 1877 साली सुरू झाली. त्या काळच्या बहुतेक गिरण्यांप्रमाणे तिचा कारभारही मॅनेजिंग एजंटांकडे असे. 1949 च्या ऑगस्टात ही गिरणी बंद पडली आणि हजारो कामगार घरी बसले. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणीचा ताबा घेतला. गैरकारभार आणि हेळसांड यांमुळे जीवनावश्यक मालाचे उत्पादन अडले व बेकारी ओढवली, असे कारण त्या वटहुकुमात दिले होते. एजंटांना काढून टाकण्यात आले, संचालकांची पदे गेली. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला. डिसेंबर 1950 मध्ये एका भागधारकाचा अर्ज फेटाळला गेला, आणि डिसेंबर 1953 मध्ये दुसऱ्या खटल्यात तो कायदाच घटनाबाह्य ठरला. मालमत्तेच्या हक्कावर बोलताना वकील आजही ही दोन्ही प्रकरणे काढतात. कायद्याची बाजू त्यांच्यासाठी सोडू. आमचा मुद्दा त्या काळी गिरण्या ज्या पद्धतीखाली चालत तिच्याबद्दल आहे.

मॅनेजिंग एजन्सीची रीत अशी होती. एक पेढी एकाच वेळी अनेक कंपन्यांचा कारभार पाही. कापूस, कोळसा आणि यंत्रांचे सुटे भाग तीच घेई, कापड तीच विकी, कर्जही तीच उभे करी. पेढीचे ऑफिस एक, कारकून तेच, तारा आणि टपाल एकाच टेबलावरून. या सेवेबद्दल प्रत्येक कंपनीकडून कमिशन घेतले जाई आणि त्याशिवाय 'ऑफिस अलाउन्स' या नावाची ठरलेली रक्कम. ऑफिसवर खरोखर किती खर्च झाला, आणि त्यातला या एका गिरणीसाठी किती झाला, हे भागधारकाला कळण्याचा मार्ग नसे. आरंभीच्या काळात तर कमिशनही नफ्यावर नव्हे, मालाच्या वजनावर घेण्याचा प्रघात होता. गिरणी तोट्यात असली तरी सेवेचे बिल भरलेलेच.

कायद्याने ही गाठ तीन टप्प्यांत सोडवली. 1936 च्या दुरुस्तीने नव्या एजंटांचा मोबदला निव्वळ नफ्याच्या ठराविक टक्क्यांशी बांधला, पण ऑफिस अलाउन्स राहू दिला. 1956 च्या कंपनी कायद्याने मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आणि ऑफिस अलाउन्स बंद केला. एजंटाने कंपनीसाठी प्रत्यक्ष केलेला आणि मंजुरी मिळालेला खर्च तेवढा त्याला परत मिळेल, असे ठरले. अखेर 3 एप्रिल 1970 पासून मॅनेजिंग एजन्सी ही पद्धतच संपली.

आमच्या कारखानदारांनी यातला 1956 चा टप्पा नीट वाचावा. खर्च खरा झालेला असावा, तो त्या कंपनीच्याच कामासाठी झालेला असावा, आणि ज्यांच्या पैशातून तो जायचा त्यांच्या प्रतिनिधींनी तो पाहून मंजूर केलेला असावा. सामाईक खर्चाच्या हिशेबाचे सारे शास्त्र या तीन अटींत आले. एजंट गेले, पण ऑफिस अलाउन्सची सवय गेली नाही. आज ती "ओव्हरहेड वीस टक्के धरा" या वाक्यात जिवंत आहे. हे वीस टक्के कशाचे, असे विचारले तर फार थोड्या ठिकाणी कागद पुढे येतो.

आकडे काय बोलतात

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. समजा एका टॉवेल कारखान्यात रंगाई, विणाई आणि शिलाई-पॅकिंग अशी तीन खाती आहेत. रंगाईखाते बाहेरच्यांचेही सूत रंगवून देते. महिन्याचा सामाईक खर्च 12 लाख रुपये. त्यात बॉयलरचे 6 लाख, मेकॅनिक आणि दुरुस्तीचे 2 लाख 40 हजार, ऑफिसचे 2 लाख आणि टेम्पोचे 1 लाख 60 हजार. सामाईक खर्च वजा करण्यापूर्वी रंगाईला 5 लाख, विणाईला साडेपाच लाख आणि शिलाईला 4 लाख सुटतात. म्हणजे साडेचौदा लाखांतून 12 लाख गेले आणि कारखान्याला महिन्याला अडीच लाख उरले.

आता मालक सोपा मार्ग घेतो आणि सामाईक खर्च उलाढालीच्या प्रमाणात वाटतो. रंगाईची उलाढाल 20 टक्के, विणाईची 50 आणि शिलाईची 30. तेव्हा रंगाईवर 2 लाख 40 हजार, विणाईवर 6 लाख आणि शिलाईवर 3 लाख 60 हजार पडतात. कागदावर रंगाई 2 लाख 60 हजार नफ्यात, शिलाई 40 हजार नफ्यात आणि विणाई 50 हजार तोट्यात दिसते. मालक म्हणतो, माग काढून टाका, विणाई बाहेर द्या, रंगाई वाढवा.

तोच खर्च वापराप्रमाणे वाटून पाहू. बॉयलरची वाफ 90 टक्के रंगाईत जाते आणि 10 टक्के पॅकिंगआधीच्या धुलाई-सुकवणीत. मागांना ती लागतच नाही. मेकॅनिकचे तास 75 टक्के मागांवर, 15 टक्के रंगाईत, 10 टक्के शिलाईत. ऑफिसचा खर्च माणसांच्या संख्येवर वाटला तर विणाई 50, रंगाई 15, शिलाई 35 टक्के. टेम्पोच्या खेपा रंगाई आणि विणाईच्या प्रत्येकी पाव, शिलाई-पॅकिंगच्या निम्म्या. बेरीज केली की रंगाईवर 6 लाख 46 हजार, विणाईवर 3 लाख 20 हजार आणि शिलाईवर 2 लाख 34 हजार येतात. कारखान्याचा नफा तोच, अडीच लाख. पण आता विणाई 2 लाख 30 हजार आणि शिलाई 1 लाख 66 हजार नफ्यात आहे, आणि रंगाई 1 लाख 46 हजार तोट्यात. बाहेरच्यांना रंगाई स्वस्तात करून देण्याची किंमत इतके दिवस मागवाला भरत होता.

माग विकून टाकल्यावर हे कळून काय उपयोग? विणाई बंद केली म्हणून बॉयलरचे जळण कमी होणार नाही. ऑफिसचे भाडे आणि पहारेकऱ्याचा पगार तसाच राहील. विणाईच्या नावावर लिहिलेल्या खर्चापैकी जो खरोखर वाचेल तेवढाच हिशेबात धरायचा असतो. बाकीचा उरलेल्या दोन खात्यांच्या डोक्यावर बसतो. मग पुढच्या वर्षी तीही तोट्यात दिसतात आणि कुऱ्हाड त्यांच्यावर येते. खात्याला टाळे लावण्यापूर्वी म्हणूनच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा खर्च या खात्याने वापरला काय, आणि खाते गेले तर हा खर्च जाईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न घेता ज्यांनी माणसे घरी बसवली त्यांनी कामगारांवर अन्याय केलाच, स्वतःचेही नुकसान करून घेतले.

नोंद कशी ठेवावी

यासाठी मोठी यंत्रणा लागते असे नाही. प्रत्येक सामाईक खर्चाला त्याचे माप शोधावे. विजेला खात्यागणिक वेगळा मीटर बसवावा. वाफेला शक्य असेल तर वाफेचा मीटर, नसेल तर रंगवलेल्या सुताचे किलो धरावेत. मेकॅनिकच्या हातात जॉबकार्ड द्यावे आणि कोणत्या खात्यात किती तास गेले ते त्याने तेथल्या सुपरवायझरच्या सहीने लिहावे. टेम्पोला खेपांची वही असावी. पाण्याला टँकर किंवा मीटर. ज्याला माप सापडतच नाही, जसे मालकाचा पगार किंवा पहारेकरी, तो ओढूनताणून वाटू नये. तो "कारखान्याचा सर्वसाधारण खर्च" म्हणून वेगळा दाखवावा. खोट्या अचूकतेपेक्षा हे बरे. देशातील कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेने वीज-वाफेसारख्या सोयी, दुरुस्ती आणि प्रशासकीय खर्च यांसाठी स्वतंत्र मानके काढली आहेत. आपल्या हिशेबनिसाकडून ती एकदा समजून घ्यावीत.

दुसरी गोष्ट, दर वर्षारंभी ठरवून ठेवावा. वाफेचा किलोमागे दर किती, मेकॅनिकचा तासाचा दर किती, हे खात्यांना आधी माहीत असावे. महिनाअखेरीस प्रत्यक्ष खर्च जास्त झाला तर तो फरक बॉयलरखात्याच्या नावावर दिसू द्यावा. जळण महाग घेतले किंवा वाया घालवले त्याचा जाब बॉयलरवाल्याने द्यावा, रंगाईवाल्याने नव्हे. तसे केले नाही तर सेवा देणारा निष्काळजी होतो, कारण त्याची प्रत्येक चूक वाटून जाते.

तिसरी गोष्ट रिकाम्या क्षमतेची. दहा टन सूत रंगवण्यापुरता बॉयलर घेतला आणि काम सहा टनांचे आले, तर उरलेल्या चार टनांचा खर्च त्या सहा टनांवर लादू नये. लादला की किलोमागे दर वाढतो. महाग पडते म्हणून शिलाईवाला आपली धुलाई बाहेर नेतो, काम पाच टनांवर येते, दर आणखी वाढतो, आणि चांगला बॉयलर थंड पडतो. रिकाम्या क्षमतेचा खर्च स्वतंत्र ओळीत लिहून मालकाच्या समोर ठेवावा. बॉयलर मोठा घेण्याचा निर्णय त्याचा होता, तो भरण्याचा उपायही त्यानेच शोधावा.

चौथी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाखवणे. दर महिन्याला, दहा तारखेच्या आत, एका पानाचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाच्या हाती पडावा. कोणती सेवा, किती वापरली, दर काय, रक्कम किती, मागच्या महिन्यात किती. त्याला हरकत घेण्याची मुभा असावी आणि हरकतीचे उत्तर लेखी मिळावे. तिजोरीत कुलूपबंद असलेल्या हिशेबाने कोणाचीही सवय सुधारत नाही. रंगाईवाल्याला आपल्या वाफेचा आकडा दिसला तरच गळका व्हॉल्व्ह दुरुस्त होतो.

"एका खिशातून दुसऱ्या खिशात"

यावर नेहमीचा आक्षेप असा की पैसा शेवटी एकाच घराचा आहे. या खिशातून त्या खिशात घालायला कारकून कशाला ठेवायचा? आक्षेप वजनदार आहे. पाच माणसांच्या कारखान्याला आम्ही जॉबकार्ड छापायला सांगणार नाही. नोंदीचा खर्च नोंदीच्या फायद्यापेक्षा जास्त होता कामा नये, हा व्यवहार आहे. महिन्याच्या खर्चातल्या मोठ्या तीन-चार बाबींचीच नोंद ठेवली तरी बहुतेक चित्र स्पष्ट होते. चहापाण्याची वाटणी करत बसण्याचे कारण नाही.

पण खिसा खरोखर एकच आहे काय? आमच्या समाजातील बहुतेक धंदे भावाभावांचे आहेत. थोरले भाई रंगाई पाहतात, मधला माग पाहतो, धाकटा दुकान आणि बाहेरगावचा माल पाहतो. वडील आहेत तोवर सारे चालते. पुढे वाटणीची वेळ येते तेव्हा प्रत्येकाला वाटते की आपल्या खात्याने घर चालवले आणि बाकीचे बसून खात होते. टेम्पो कोणी वापरला, जनरेटरचे डिझेल कोणी जाळले, मुनिमाचा पगार कोणाच्या कामाचा, याची दहा वर्षांची एकही नोंद नसते. मग पंच बसतात, नंतर वकील. ज्या घरांत महिन्याचा तक्ता तिघांच्या सहीने ठेवला जातो तेथे वाटणी झाली तरी बोलणे तुटत नाही. भागीदाराचा पैसा हाताळणे ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब न मागता द्यायचा असतो.

शिवाय सरकारही आता खिसा एक मानत नाही. ज्या कंपनीची नोंदणी एकाहून अधिक राज्यांत आहे, समजा कारखाना सोलापुरात आणि गोदाम हैदराबादला, तिच्या दोन नोंदण्या जीएसटी कायद्यात दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या जातात. दोघांसाठी मिळून बाहेरून घेतलेल्या सेवांवरचा, जसे ऑडिट किंवा सॉफ्टवेअर, कराचा परतावा 'इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर' म्हणून नोंदणी करूनच वाटावा लागतो. 1 एप्रिल 2025 पासून हे सक्तीचे आहे. एका ऑफिसने दुसऱ्याला स्वतः दिलेल्या सेवेचे बिल करण्याबाबत 17 जुलै 2023 चे परिपत्रक आहे. सेवा घेणाऱ्याला पूर्ण कर-परतावा मिळत असेल तर बिलात लिहिलेली किंमत मान्य होते, आणि आपल्या नोकरांचा पगार त्यात धरण्याची सक्ती नाही, असे त्यात म्हटले आहे. येथे एक सावधगिरी हवी. सामाईक सेवांच्या कराची वाटणी कायदा उलाढालीच्या प्रमाणात करायला सांगतो. ती करासाठी ठीक. पण तीच वाटणी धंद्याचा निर्णय घेताना वापरली तर वरच्या उदाहरणातल्या मालकासारखी गत होईल. दोन कामांसाठी दोन तक्ते ठेवावेत.

कारागिराचा यात काय संबंध

आमच्या वाचकांत कारखानदार थोडे आणि जॉबवर विणणारे, शिवणारे, रंगवणारे जास्त. त्यांनी हा लेख परका समजू नये. मोठी कंपनी जेव्हा जॉबचा दर ठरवते तेव्हा ती म्हणते, आमचा स्वतःचा विणाईचा खर्च इतका येतो, त्याहून जास्त देता येत नाही. तो खर्च कसा काढला? वाफ, ऑफिस, बाहेरगावच्या शोरूमचे भाडे, यांतले काय विणाईच्या माथी मारले आणि काय गाळले? ज्या कंपनीचा सामाईक खर्च कच्चा आहे तिचा जॉबचा दरही कच्चाच असतो. कधी तो कारागिराला मारतो, कधी कंपनीलाच बुडवतो, आणि कंपनी बुडाली की थकलेली मजुरी कारागिराचीच असते. जॉब घेणाऱ्यांच्या संघटनांनी दरवाढ मागताना कंपनीकडे या तक्त्याची मागणी करावी. मिळेलच असे नाही, पण प्रश्न विचारला जाऊ लागला की उत्तर तयार ठेवावे लागते.

आणि कारागिराने आपलीही वही उघडावी. चार मागांच्या घरातही सामाईक सेवा असतात. कांड्या घरातल्या बायका भरतात, खोली स्वतःची, विजेचे बिल घर आणि मागाचे एकत्र, सूत आणायला मुलाची मोटारसायकल. यातले काहीच जॉबच्या दरात धरले जात नाही, कारण त्याचे बिल कोणी दिलेले नसते. कांड्या भरायला बाहेरची बाई ठेवली असती तर किती दिले असते, ही रक्कम तरी दर सांगण्यापूर्वी कागदावर लिहावी. दर वाढवून मिळाला नाही तरी आपण किती फुकट देत आहोत हे कळेल, आणि कोणते काम सोडून द्यायचे ते ठरवता येईल.

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नावाचे रक्षण कायदा करील, पण भावाच्या चढाओढीत टिकायचे तर आपला माल आपल्याला कितीला पडतो हे आधी माहीत हवे. वीस टक्के ओव्हरहेड म्हणून जे बोट दाखवले जाते, त्या बोटाखाली कागद असला पाहिजे. प्रत्येक मोठ्या कारखान्याने येत्या आर्थिक वर्षापासून निदान बॉयलर, वीज आणि दुरुस्ती या तीन बाबींचा खातेवार मासिक तक्ता सुरू करावा आणि तो खातेप्रमुख, भागीदार व जॉब करणारे यांना पाहू द्यावा, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. सुरुवात करायला एक वही आणि तीन मीटर पुरतात.